रोमँटसीत नायिकेची मैत्रीण हरवू नये म्हणून: धागा ठरवण्यापासून मसुदा तपासण्यापर्यंत

रोमँटसीचे, म्हणजे प्रेमकथा आणि जादूची कल्पनारम्य कथा एकत्र असलेल्या कादंबऱ्यांचे, नवे मसुदे वाचताना एक नमुना सारखा समोर येतो. दुसऱ्या प्रकरणात मैत्रीण येते, नायकाच्या डोळ्यांवरून नायिकेला चिडवते, नवव्या प्रकरणानंतर गायब होते आणि एकतिसाव्यात एकदम तलवार घेऊन हजर होते, नाहीतर मरते. मधली वीस-एकवीस प्रकरणं ती कुठे होती, हे लेखिकेलाही सांगता येत नाही. मग अभिप्राय येतो: "मैत्रीण अजून खुलवा." लेखिका दोन हसरी-खेळकर दृश्यं वाढवते. मसुदा जाड होतो, मैत्रीण होती तिथेच राहते.

गडबड क्रमात असते. नायक, जादू, राजकारण, युद्ध असं सगळं ठरून झाल्यावर उरलेल्या फटीत मैत्रीण कोंबली जाते. इथे दिलेल्या क्रमात मैत्रीचा धागा प्रकरणवार आराखड्याच्या आधी ठरतो.

हिशेबासाठी ४० प्रकरणं आणि प्रत्येकी साधारण २,५०० शब्द, म्हणजे १,००,००० शब्दांची कादंबरी धरली आहे. तुमची लहान-मोठी असेल तर आकडे त्या प्रमाणात हलवा. उदाहरण सगळीकडे एकच, या लेखापुरतं रचलेलं. रेवाने नदीच्या पाण्याला हात लावला की त्या काठावर घडून गेलेलं तिला दिसतं, पण दर वेळी तिची स्वतःची एक आठवण कायमची पुसली जाते. चित्रा ही तिची लहानपणापासूनची मैत्रीण, पूल बांधणारी. उदयन पलीकडच्या शत्रुराज्याचा सेनापती. रेवा त्याच्या प्रेमात पडणार आहे.

## तयारी: तीन कागद

लिहायला बसण्याआधी तीन कागद तयार हवेत. प्रत्येक एका पानाच्या वर नको.

पहिल्यावर प्रेमकथेचे मुख्य टप्पे, प्रकरणाच्या आकड्यासकट: पहिली भेट, पहिला विश्वास, पहिलं चुंबन, ताटातूट, पुन्हा एकत्र येणं. दुसऱ्यावर जादूचे नियम, जास्तीत जास्त पाच ओळींत: काय करता येतं, काय येत नाही, किंमत काय, ती कोण मोजतं. तिसरा कागद मैत्रिणीचा, आणि तो सध्या कोरा ठेवायचा.

बरेच जण तिसऱ्या कागदावर आधी केसांचा रंग, आवडता पदार्थ आणि विनोदी स्वभाव लिहून मोकळे होतात. हे सगळं नंतर सुचतं आणि सहज बदलता येतं. आधी लिहिलं की मात्र पात्र ठरल्यासारखं वाटतं आणि पुढचं अवघड काम टळतं.

तपासा: दुसऱ्या कागदावर "किंमत" ही ओळ रिकामी असेल तर इथेच थांबा. फुकट जादूच्या कथेत मैत्रिणीला करण्यासारखं फारसं उरत नाही. का, ते तिसऱ्या टप्प्यात येईल.

## टप्पा १: मैत्रिणीला स्वतःचं काम द्या

हे वाक्य पुरं करा: "___ला ___ हवं आहे, ___च्या आत, आणि नायिकेचं ___ त्याच्या आड येतं."

आमच्या उदाहरणात: चित्राला सीमेवरच्या नदीवरचा पूल पुरा करायचा आहे, पूर येण्याच्या आत, आणि रेवाचं उदयनला चोरून भेटणं त्याच्या आड येतं, कारण काठावर परक्या बुटांचे ठसे सापडले की पहारेकरी काम बंद पाडतात.

चारही गाळलेल्या जागा भरल्या पाहिजेत. मुदत नसेल तर मैत्रीण पुस्तकभर वाट बघत बसू शकते, आणि तशी सोय असली की ती बसतेच. "आड येतं" ही जागा रिकामी राहिली तर मैत्रीत भांडण्यासारखं काही उरत नाही. मग भांडण लावायला गैरसमजाची मदत घ्यावी लागते, आणि ते वाचकाच्या लगेच लक्षात येतं.

सावधान: "तिला नायिकेचं भलं हवंय" हे उत्तर धरायचं नाही. भलं तर नायिकेच्या घोड्यालाही हवं असतं. तसंच, नायिका युद्ध जिंकली की आपोआप पुरी होणारी इच्छाही चालत नाही. युद्ध जिंकून पूल पुरा होत नाही, हे नीट बघून घ्या.

मैत्रीण नायिकेची दासी किंवा अंगरक्षक असेल तर आणखी एका प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा: ती नाही म्हणू शकते का? आणि म्हणाली तर तिचं काय होतं? जिच्या पोटापाण्याची दोरी नायिकेच्या हातात आहे, तिची निष्ठा आणि मैत्री यांतला फरक मजकुरात कुठेतरी दिसावा लागतो. पहिल्या दहा प्रकरणांत तिने एकदा तरी साफ नकार दिला पाहिजे आणि नायिकेने तो मान्य केला पाहिजे. नाहीतर वाचक तिला नोकर म्हणूनच वाचतो, दोघी एकमेकींना कितीही "सखे" म्हणोत.

## टप्पा २: तीन जुन्या घटना

मैत्री जुनी असेल तर पुस्तक सुरू होण्याआधीच्या फक्त तीन घटना ठरवा: एक आनंदाची, एक ऋणाची, एक न बोललेली.

आनंदाची: अकराव्या वर्षी दोघींनी गळक्या काहिलीत बसून नदी ओलांडली. ऋणाची: पंधराव्या वर्षी चित्राचे वडील नदीत वाहून गेले. ते नेमके कुठे, हे रेवाने पाण्याला हात लावून सांगितलं, आणि त्या बदल्यात आपली एक आठवण गमावली. त्या रात्रीपासून चित्रा एक वही ठेवते. रेवाचं जे जे पुसलं जाईल ते त्यात उतरवते. न बोललेली: त्या दिवशी पुसली गेली ती दोघींच्या पहिल्या भेटीची आठवण होती. चित्राला ते माहीत आहे. वहीत मात्र तिने ते कधीच लिहिलेलं नाही.

तिसरी घटना सर्वांत मोलाची, कारण पुस्तकाच्या शेवटापर्यंत ती पुरते. आनंदाची घटना पहिल्या पाच प्रकरणांत ओझरती येऊ द्या, ऋणाची दहा ते पंधराच्या दरम्यान. न बोललेली मात्र तिसाव्याच्या आधी उघडी करू नका.

सावधान: तिन्ही घटना पहिल्याच प्रकरणात स्मरणरंजनाच्या एका परिच्छेदात ओतणं ही इथली ठरलेली चूक. जुन्या मैत्रिणी एकमेकींना आपला इतिहास सांगत बसत नाहीत. "काहिलीसारखं करू नकोस हं" एवढं एक बोलते आणि दुसरीला कळतं. वाचकाला ते वीस पानांनी कळलं तरी बिघडत नाही.

मैत्री पुस्तकातच जुळणार असेल (प्रतिस्पर्धी म्हणून भेटलेल्या दोघी, एकाच तुकडीत भरती झालेल्या दोघी) तर तीन जुन्या घटनांऐवजी पहिल्या पंधरा प्रकरणांत तीन नव्या घडवा. क्रम तोच ठेवा. फक्त ऋण छोटं घ्या. ओळख आठवड्याची आणि प्राण वाचवण्याचं ऋण, हे मेळ खात नाही.

## टप्पा ३: जादूच्या नियमात मैत्रीला जागा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. रोमँटसी आणि साधी प्रेमकथा यांत मैत्रीच्या दृष्टीने खरा फरक इथे पडतो, आणि तरीही बहुतेक मसुद्यांत हा टप्पा गाळलेलाच असतो.

जादूची किंमत कोण भरतं हे बघा. तीन रचना हमखास चालतात. एक, किंमत नायिका मोजते आणि मैत्रीण तिचं नुकसान भरून काढते. आमची वही ही ती रचना. दोन, जादू करते नायिका आणि किंमत पडते मैत्रिणीवर, आधी नकळत, मग जाणून. तीन, दोघींच्या जादू एकमेकींविना अर्ध्या. तिसरी रचना दिसते सुंदर, पण तिच्यात मैत्री ही निवड न राहता गरज होऊन बसते. म्हणून ती घेतलीत तर कधीतरी दोघींना एकमेकींची गरज नसलेला एक प्रसंग द्यावाच लागतो.

वहीकडे जरा जवळून पाहू. ती आली की काय काय फुकट मिळतं? दोघींना रोज भेटायला कारण मिळतं. चित्राच्या हातात सत्ता येते: काय लिहायचं, काय नाही, हे ती ठरवते. आणि रेवाने एकदा वहीत खोटं लिहवलं की, ती गोष्ट पुसली गेल्यावर तेच खोटं तिच्यासाठी खरं होणार आहे. एका वस्तूतून भांडण, विश्वास आणि कथानकाचा पेच असं तिन्ही निघतं. तुमच्या कथेत अशी एक वस्तू, विधी किंवा नियम सापडेपर्यंत पुढे सरकू नका.

आता या प्रकारातला सर्वांत मोठा खड्डा: नशिबाने जुळलेली जोडी. नायक-नायिकेत जादूचा बंध असतो, त्याला तिच्या मनातलं न सांगता कळतं, तिचं दुखणं त्याला शंभर कोसांवरून जाणवतं. हा ट्रोप (पुन्हा पुन्हा वापरला जाणारा कथेचा साचा) वाचकांना आवडतो, ठेवायला हरकत नाही. पण त्याच्या शेजारी मैत्रीण फिकी पडते, कारण तिच्याकडे असलं काहीच नाही. यावर मैत्रीलाही जादूचा बंध देऊन टाकायचा मोह होतो. तो टाळा. मैत्रिणीला आपोआप कळत नाही, म्हणून तिला विचारावं लागतं. आणि नायिका तिच्याशी खोटं बोलू शकते. नायकाशी तिला खोटं बोलताच येत नाही. त्यामुळे जिथे खरं सांगणं ऐच्छिक आहे अशी जागा पुस्तकात एकच उरते, ती म्हणजे मैत्री. हा फरक दोन-तीन दृश्यांत वापरा. कुठेही समजावून सांगू नका.

दुसरा खड्डा आयुष्याचा. शेवटी नायिका नायकासारखीच अमर होते, किंवा पाचशे वर्षं जगणारी होते. मैत्रीण माणूसच राहते, साठ-सत्तर वर्षांची धनी. लेखिकेला हे आठवत नाही, वाचक मात्र पुस्तक मिटल्यावर आधी तेच विचारतात. अमरत्व देणार असाल तर मैत्रिणीचं काय, हे आत्ताच कागदावर लिहा. तिला अमर करायलाच हवं असं नाही. ती नको म्हणू शकते, आणि तो नकार पुस्तकातलं सर्वांत चांगलं दृश्य ठरू शकतो. पण दोघींनी त्यावर बोललं पाहिजे.

तपासा: जादूच्या पाच ओळींपैकी निदान एकीत मैत्रिणीचं नाव आलं का?

## टप्पा ४: दोन धागे एकमेकांत अडकवा

आता पहिला कागद समोर घ्या. प्रेमाचा प्रत्येक टप्पा मैत्रीत काय हलवतो, ते त्याच्या शेजारी लिहा. मैत्रीचे टप्पे प्रेमाच्या टप्प्यांवर बसवायचे नाहीत, त्यांच्या अलीकडे-पलीकडे ठेवायचे. चाळीस प्रकरणांत बारा ते चौदा दृश्यं पुरतात:

- प्रकरण १–३: दोघी मिळून एक काम करतात. नायक अजून आलेला नाही.
- प्रकरण ४–५: नायकाची पहिली भेट. मैत्रीण तिथे नाही.
- प्रकरण ८: नायकावर अविश्वास ठेवायला मैत्रिणीला ठोस कारण मिळतं.
- प्रकरण १२: पहिली लपवाछपवी. जुनं ऋण इथेच बाहेर येतं.
- प्रकरण १६: चुंबन. सतराव्यात मैत्रीण भेटते आणि नायिका सांगत नाही.
- प्रकरण २०: मैत्रिणीच्या आयुष्यातला मोठा प्रसंग. नायिका तिथे हवी होती, नव्हती.
- प्रकरण २४: भांडण.
- प्रकरण २५–२९: मैत्रीण नाही, पण तिचं नसणं नडतं.
- प्रकरण ३०: प्रेमात ताटातूट.
- प्रकरण ३३–३४: मैत्रीत समेट.
- प्रकरण ३७: मैत्रिणीचा निर्णय. प्रेमातला समेट याच्या आगेमागे.
- प्रकरण ४०: शेवट.

दोन जागी सगळे अडखळतात. मैत्रीतलं भांडण आणि प्रेमातली ताटातूट एकाच प्रकरणात आली की एक दुसऱ्याला गिळतं, आणि प्रत्येक वेळी गिळली जाते ती मैत्री. मध्ये पाच-सहा प्रकरणांचं अंतर ठेवा. दुसरी जागा तिसावं प्रकरण. नायिका रडतेय आणि मैत्रीण उबदार शाल घेऊन दारात उभी! सहा प्रकरणांपूर्वी जिचा विश्वास तोडला, ती शाल घेऊन येत नाही. नायिकेला एकटीला रडू द्या. समेटासाठी तिला स्वतः चालत जावं लागलं, तर तो समेट खरा वाटतो.

पंचवीस ते एकोणतीस या प्रकरणांत नसणं दाखवायचं म्हणजे "तिची आठवण आली" असं लिहायचं नव्हे. रेवा पाण्याला हात लावते, काहीतरी पुसलं जातं, आणि काय गेलं ते लिहून ठेवणारं कुणी नाही. ती स्वतः लिहायला बसते. काय गेलं हेच आठवत नाही, मग लिहिणार काय?

सावधान: निवेदन एक आड एक प्रकरण नायिका-नायकात वाटलेलं असेल तर नायिकेच्या वाट्याला वीसच प्रकरणं येतात आणि वरच्या यादीची ओढाताण होते. अशा वेळी दोन-तीन दृश्यं नायकाच्या नजरेतून लिहा. दोघी आपसांत हसतात आणि त्याला विनोद कळत नाही, हे बाहेरून बघणाऱ्याच्या तोंडून जास्त उठून दिसतं.

## टप्पा ५: दृश्य लिहिणं

आधी नेहमीचं रूप:

> "तुला तो आवडतो, हो ना?" चित्रा डोळे मिचकावत म्हणाली.
> "छे गं! काहीतरीच काय!" रेवा लाजली.

यात चित्राच्या जागी दुसरं कुणीही बसवता येईल. आता तोच मुद्दा, सतराव्या प्रकरणात, वहीसकट:

> चित्राने टाक शाईत बुडवला. "आज काय गेलं?"
> "अंगाई. शब्द आहेत, चाल गेली."
> "चाल मला येते. लिहिता येत नाही, पण येते." तिने तारीख घातली. "आणि पुलावर तुझ्याबरोबर कोण होतं?"
> "कुणी नाही."
> टाक थांबला. मग चित्राने ओळ पुरी केली. *एकटी.*

नायकाचं नाव कुठेच नाही, तरी दृश्य त्याच्याचबद्दल आहे. चित्राला संशय आलाय का? टाक थांबला, एवढंच वाचकाला मिळतं. "तिला वाईट वाटलं" असं लिहिलं असतं तर दृश्य तिथेच मेलं असतं. शिवाय "चाल मला येते" या तीन शब्दांत वर्षानुवर्षांची मैत्री बसली आणि त्यासाठी भूतकाळात जावं लागलं नाही.

दृश्य लिहिताना हात कशात तरी गुंतलेले ठेवा: शाई, दोर, जखमेची पट्टी, तलवारीची धार. विषय एक, आणि त्याच्या खाली दुसरा. बोलीकडे विशेष लक्ष द्या. दोघी "तू"वरच असतात, अर्धी वाक्यं टाकून देतात, "अगं" आणि "गं" यांची पेरणी होते, पण दर ओळीला नाही. एका पानात तीनदा पुरे. दरबारात, परक्यांसमोर, त्यांतली एक दुसरीला "आपण" म्हणून बोलली की वाचक लगेच सावध होतो. मराठीत हे हत्यार आयतं मिळतं, वापरत जा. भांडणात "तू"वरून "तुम्ही"वर येणं कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागतं. पुस्तकात एकदाच.

इथे बेक्डेल चाचणी लावून बघायला हरकत नाही. अमेरिकन व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांनी १९८५ साली ती एका चित्रपट्टीत मांडली, चित्रपटांसाठी: किमान दोन स्त्रिया, त्या एकमेकींशी बोलतात, आणि पुरुषाखेरीज कशाबद्दल तरी. (कल्पनेचं श्रेय त्यांनी आपली मैत्रीण लिझ वॉलेस यांना दिलं आहे, हे या विषयाला फारच शोभून दिसतं.) प्रेमकथेत पुरुषाबद्दल बोलणं होणारच, त्यामुळे चाचणी अक्षरशः घेऊ नका. प्रमाण बघा. बारा दृश्यांपैकी निदान सातांत वरवरचा विषय तरी नायक नसावा.

## टप्पा ६: भांडण आणि समेट

भांडणात दोघी बरोबर असल्या पाहिजेत. एक उघड चुकीची असेल तर ते भांडण होत नाही, कानउघाडणी होते.

रेवाने उदयनचा जीव वाचवण्यासाठी त्याला सांगितलं की पुलाचा तिसरा खांब अजून बसलेला नाही, त्या बाजूने सैन्य आणू नको. तिच्या दृष्टीने तिने शेकडो माणसं वाचवली. चित्राच्या दृष्टीने तिच्या पुलाचं वर्म शत्रूला सांगितलं गेलं. दोघींचं म्हणणं एका ओळीत लिहा आणि प्रत्येकीची बाजू घेऊन पाच मिनिटं वाद घाला. एक बाजू दोन मिनिटांत संपली तर प्रसंग बदला.

एकाच पुरुषावरून भांडण शक्यतो नको. चालतच नाही असं नाही, पण चित्राचा पूल, वही, ऋण हे सगळं एका झटक्यात मागे पडतं आणि ती पुन्हा नायकाच्या कथेतली दुय्यम बाई होते. कुणीतरी दाराआडून अर्धवट ऐकलं म्हणून झालेलं भांडणही नको. एक वाक्य बोलून मिटण्यासारख्या भांडणावर वाचक सहा प्रकरणं काढत नाही.

समेटाला नुसती मिठी पुरत नाही. माफी मागणारी काय केलं ते नाव घेऊन सांगते, त्याने समोरचीचं काय गेलं ते सांगते, आणि काहीतरी करते. रेवा रात्रभर गाळात उभी राहून तिसऱ्या खांबाचे दोर धरते. माफी मागताना नायकाची वकिली आली की माफी गेली, एवढं लक्षात ठेवा. आणि चित्राने लगेच माफ करायलाही नको. "दोर नीट धर" एवढंच ती म्हणाली तरी त्या रात्रीपुरतं बस्स.

सावधान: मैत्रिणीला मारणार असाल तर थांबा आणि टप्पा १ चं वाक्य काढा. तिची इच्छा त्या जागी पुरी होते, किंवा तिच्याच निर्णयाने मोडते का? दोन्ही नसेल तर तिचा मृत्यू फक्त नायिकेला चिडवण्यासाठी आहे. नायिका चिडायला दुसरं कारण शोधा.

## टप्पा ७: कळस आणि शेवट

कळसाच्या प्रसंगी मैत्रिणीने एक असा निर्णय घ्यावा जो दुसरं कुणीच घेऊ शकत नाही, आणि ज्यात तिचं काहीतरी जातं. सैन्य पुलावर आहे. पूल पाडायचा तर कुठली पाचर उपटायची, हे चित्रालाच माहीत. पाडायचा की नाही, हेही तीच ठरवते. रेवाने तिला पटवून दिलं, आज्ञा केली किंवा डोळ्यांनी विनवलं, तर निर्णय रेवाचा झाला. त्या क्षणी रेवाला लांब ठेवा.

शेवटच्या प्रकरणाबाबत दोन सवयी सोडा. एक, मैत्रिणीचं नायकाच्या मित्राशी जुळवून देणं. उरलेल्या दोघांची गाठ मारली की सगळं नीटनेटकं दिसतं, एवढाच त्यात फायदा; आधी तीन-चार दृश्यांत त्यांचं काही नसेल तर ती गाठ निघते. दुसरी, "तिची कथा पुढच्या भागात" म्हणून सगळं राखून ठेवणं. या प्रकारात मालिकेतला पुढचा भाग मैत्रिणीवर लिहिण्याची पद्धत रुळलेली आहे, पण पहिल्या भागातली तिची इच्छा पहिल्या भागातच निकालात निघाली पाहिजे. पुढच्यासाठी नवी इच्छा द्या.

प्रेमकथेचा शेवट सुखाचा किंवा निदान आशेचा असावा, ही वाचकाची रास्त अपेक्षा असते. मैत्रीच्या शेवटाला असं कुठलंच बंधन नाही, त्यामुळे इथे मोकळीक आहे: दोघी दोन राज्यांत राहू शकतात, वही रेवाच्या हाती जाऊ शकते, चित्रा दुसरा पूल बांधायला निघून जाऊ शकते. फक्त शेवटच्या दोन प्रकरणांत त्या एकदा तरी नायकाशिवाय भेटल्या पाहिजेत.

## टप्पा ८: मसुदा झाल्यावर

मसुदा निदान दोन आठवडे बाजूला ठेवा. मग पुढच्या क्रमाने:

१. मैत्रिणीची सगळी दृश्यं कापून एका वेगळ्या फाइलमध्ये ओळीने लावा आणि तेवढीच वाचा. त्यात सुरुवात, बिघाड आणि निकाल अशी गोष्ट दिसली पाहिजे. नुसते तुकडे वाटले तर टप्पा ४ कडे परत.

२. दर पाच प्रकरणांत ती किती वेळा येते ते मोजा. सलग पाच प्रकरणं शून्य असेल आणि तुम्ही ते ठरवून केलेलं नसेल, तर तिथे भोक आहे. नवं दृश्य घालण्याआधी, नायक करत असलेलं एखादं काम तिच्याकडे देता येतं का बघा. बहुतेकदा येतं, आणि शब्दही वाढत नाहीत.

३. कॉमिक्स लेखिका केली स्यू डिकॉनिक यांची दिव्याची कसोटी लावा: पात्राच्या जागी एक दिवा ठेवला तरी कथा चालते का? मैत्रिणीसाठी ती थोडी कडक करा. दिव्याच्या जागी आरसा ठेवा. नायिका आरशासमोर एकटीच बोलली असती तरी चाललं असतं, अशी प्रत्येक जागा खूण करून पुन्हा लिहा.

४. तिचे संवाद मोठ्याने वाचा, नावं झाकून. दोघींतली कोण बोलतेय हे तीन ओळींत कळलं पाहिजे. कळत नसेल तर एकीची वाक्यं आखूड करा.

५. मसुदा दोन वाचकांना द्या. "मैत्रीण आवडली का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: "चित्राला काय हवं होतं?" आणि "बाविसाव्या प्रकरणात ती कुठे होती?" पहिल्याचं उत्तर "रेवाचं सुख" असं आलं तर पुन्हा टप्पा १. दुसऱ्याचं उत्तर "पुलावर असणार, पूर जवळ आला होता" असं न अडखळता आलं, तर तो मसुदा पुढे पाठवायला हरकत नाही.